पुढच्या दोन दातांमधली फट

माझा मामा माणसाशी बोलताना डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. मामी अजून सांगते, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला सारखा हसवत होता. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे! नंतर कळलं, मेला दात निरखत होता."

मामा कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं टेबल आहे. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे जबडे आणि एक बारीक चाकू. त्या चाकूला तो कुणाला हात लावू देत नाही. मी त्याच दवाखान्यात पुढे बसून पेशंटची नावं लिहिते. नसत्या चौकशा करायची मला खोड आहे, त्यामुळे जरा मोकळीक मिळाली की मी मागच्या खोलीत.

"मामा, या सगळ्या कवळ्या एकाच माणसाच्या वाटतात रे," मी एकदा फळीकडे बघत म्हणाले.

"दातांचे तयार संच येतात. एक नंबर लहान, दोन मध्यम, तीन मोठा. माप घ्यायचं, ओळीत बसवायचे, की झालं. तक्रार कुणाचीच नसते."

"पण तू पूर्वी असं करत नव्हतास म्हणे."

हे मला मामीकडून कळलं होतं. पूर्वी तो पेशंटला समोर बसवून गप्पा मारायचा, जुने फोटो मागवायचा आणि एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावायचा. मग माणूस घरी गेला की घरच्यांना काही वेगळं वाटायचंच नाही. पुढे रांग वाढली. डॉक्टरीणबाईंनी चार वेळा घड्याळाकडे बघितलं, आणि मामाने ते सगळं सोडून दिलं.

"येतं ना अजून?" मी चिकटपणे विचारलं.

"न यायला काय झालं? पण हवंय कुणाला?" असं म्हणून त्याने दिव्यावर झाकण ठेवलं.

मला खरंच राग आला. एवढी कला हातात असून माणूस पाट्या टाकतो म्हणजे काय! पण मामापुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून पुढे जाऊन पेशंटची नावं लिहीत बसले.

पुढच्याच आठवड्यात खुर्चीवाले आजोबा आले. ते वेताच्या खुर्च्या विणतात आणि जन्मापासून आंधळे आहेत. बरोबर त्यांची बायको होती. महिन्यापूर्वीच मामाने तिला दोन नंबरचा संच बसवून दिला होता. आता ती तोंडावर पदर धरून उभी होती.

"टोचते का कवळी?" मामाने विचारलं.

"टोचत नाही हो, छान चावता येतं. पण मी हाक मारली की हे दचकतात. स्वयंपाकघरातून बोलले की विचारतात, कोण आलंय?" तिने पदर आणखी घट्ट धरला. "पस्तीस वर्षांचा संसार आहे आमचा. आता मी घरात बोलणंच सोडलंय."

"मला कळतं हो, तीच आहे," आजोबा ओशाळून म्हणाले. "पण कानाला पटत नाही. घरात परकं माणूस वावरतंय असं वाटतं."

मामाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. कवळी त्याचीच होती, एका दुपारी उरकलेली.

"नवी करून देतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई आतून आल्या. "नवी कशाला? चावते ना ती?"

"चावते, मॅडम. बोलत नाही."

आता प्रश्न असा, की पूर्वीचे दात होते कसे? फोटो एकही नव्हता. मामा आजोबांपुढे स्टूल ओढून बसला. "पूर्वी त्यांचं बोलणं कसं वाटायचं?"

आजोबा म्हणाले, "बोलताना वारा निसटायचा कुठूनतरी. दार नीट लागलं नसलं की येतो तसा."

मामाने चटकन वळून पाहिलं. "आजी, पुढच्या दोन दातांत फट होती?"

आजी लाजल्या. "होती. सगळे चिडवायचे. ही सरळ ओळ बघून मीच खूश झाले होते, म्हटलं, गेली एकदाची!"

मग तीन दिवस मागच्या खोलीत जे चाललं ते बघायला मी पुढचं टेबल सोडून जात होते. मामाने मेणात नवे दात लावले. पक्की करण्याआधी कवळी अशी मेणातच तोंडात घालून बघतात. आजी पेपर वाचायच्या आणि आजोबा मान तिरकी करून ऐकायचे.

"आता शिट्टी वाजते."

मामा चाकू तापवून दात केसभर सरकवायचा.

"आता काहीच नाही."

पुन्हा चाकू. मामा जेवायचं विसरला. डॉक्टरीणबाई दोनदा डोकावल्या, पण त्याचा चेहरा बघून परतल्या. इतक्या वर्षांत त्याला असं रंगलेलं मी प्रथमच पाहत होते.

तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "जवळ आलंय. पण ही पेपर वाचतेय. घरी ती कुठे पेपर वाचते?"

"मग काय करतात?"

"मला बोलते."

आजींनी पेपर आपटला. "बोलू नको तर काय करू? तीन दिवस दात घालतेय, काढतेय, आणि साहेब बसल्या जागी निकाल देतायत! सगळं शहाणपण सुचतं तुम्हाला, पण सकाळपासून दोन घास खाल्लेत का? शर्टाचं बटण तरी सरळ लावलंय का? शंभरदा सांगितलं..."

आजोबा उठले. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. अनोळखी खोली, मध्ये टेबल, तरी ते आवाजाच्या रोखाने सरळ चालत गेले आणि त्यांनी आजींचा हात धरला.

"कधी आलीस?" त्यांनी विचारलं.

आजी रडायलाच लागल्या. माझे डोळे भरून आले. मामा मात्र घाईघाईने पुढे झाला.

"आजी, मेण मऊ आहे अजून," तो म्हणाला. "रडा हवं तेवढं, पण दात आवळू नका."