आबांनी वाचलेले ओठ

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. फौजी माणूस मी, अंधारात पहारे देऊन देऊन भीती केव्हाच पळाली. नाव, पलटण सांगणार नाही — नोकरी अजून चालू आहे आणि ज्याच्यावर माझं प्रेम आहे तोही त्याच पलटणीत आहे. हो, ‘तो’. कळलं तर दोघांची वर्दी उतरेल. म्हणून जगासाठी आम्ही नुसते ‘बडी’, चौकीवर एकमेकांचा जीव सांभाळणारी जोडी.

मागच्या हिवाळ्यात मी रजेवर सुरतला आलो होतो. घर नवागामला, मूळचे आम्ही धुळ्याकडचे, घरी अहिराणीच. आबा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं सुरतेतल्याच उधन्यात कापडाचे लूम चालवताहेत. कान गेलेत, पण लूमवाले ओठ वाचतात. त्या खडखडाटात दुसरा इलाजच नाही.

एका दुपारी कारखान्यात त्यांचा डबा घेऊन गेलो, तर आबा माझ्या खांद्यामागे बघत राहिले.

“हाऊ कोन शे रे तुनामांगे?”

वळलो. कुणी नाही… नुसती भिंत.

“वर्दीवाला शे. आंगवर पूरा कापूस! आठे ते पॉलिस्टर चालस, इतला कापूस कथाईन उना?”

मला हसू आलं. म्हटलं, कान गेले, आता डोळेही चालले.

“गिनती करी ऱ्हायना. वीसलगून… मंग परत एकपाईन. मधमाच तुनं नाव लेस.”

मी डबा तिथेच ठेवला. वीस म्हणजे हातापायांची बोटं. चौकीवरच्या बर्फात रक्त गोठू नये म्हणून आम्ही दोघं एकेक बोट हलवत मोजतो. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि कापूस कसला, तो बर्फ होता!

बाहेर पळत जाऊन त्याला फोन लावला. लागेना. युनिटला विचारावं, तर रजेवरून त्याची एवढी चौकशी कशाला, म्हणतील. जीव नुसता टांगणीला. संध्याकाळी एका साथीदाराचा फोन आला — दुपारी बर्फाचा कडा कोसळला, तो गाडला गेला होता, शोधपथकाच्या कुत्र्याने हुडकला. जिवंत आहे.

मी ओक्साबोक्शी रडलो. आबा शेजारी बसून होते.

चार दिवसांनी तो हॉस्पिटलमधून बोलला. मी काहीच न सांगता विचारलं, “अंदर क्या कर रहा था?”

“गिनती. और तुझे गालियाँ… छुट्टी पे जो गया था.”

बर्फाखालचा माणूस भर दुपारी उधन्यात कसा दिसला, मला आजही कळत नाही. डॉक्टर मित्र ‘योगायोग’ म्हणतो. म्हणू दे. आठवलं की अजून हात आपोआप जोडले जातात.

त्या रडण्याच्या संध्याकाळी मी आबांना एवढंच म्हणालो होतो, “मना दोस्त शे तो.”

आबा माझ्याकडे वळून म्हणाले,

“तीस वरीस ओठ वाची ऱ्हायनू मी. त्याने तुनं नाव कसं लिधं, ते दिखनं माले.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “त्याले घर लई ये. तुनी मायले मी सांगसू.”