पारबता आजीचे पहिले मरण

आमच्या गावची सुईण मी मारली. म्हणजे तोंडाने मारली. त्यानंतर ती एकवीस वर्षे जगली आणि त्यातली बरीचशी माझ्याच ओसरीवर बसून, माझाच तंबाखू खात जगली. आता ती खरोखरच गेली आहे, तेव्हा सांगून टाकतो.

मी मुळात कमी बोलणारा. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ, आमच्या खेड्यात मी दिवसाकाठी दहा-बारा वाक्ये बोलत असेन, त्यातली निम्मी बैलांशी! त्यामुळे झाले असे, की मी जे काही बोलेन ते लोकांना खरेच वाटे. पुढचा सगळा घोळ त्या विश्वासानेच केला.

माझी बायको कौतिका पहिलटकरीण होती. आमच्याकडे सातव्या महिन्यात सुइणीला सुपारी देत. तिने ती पदराला बांधली की बाळंतपण तिचे. दुसऱ्या सुइणीने त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या मायने सुपारी दिली पारबता आजीला. मलाही जगात आणले होते तिनेच. पण आता तिला एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने (तिच्याच शब्दांत) "कामापुरतं" दिसे.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. तिच्या सासरी, तिथल्या सुइणीच्या हातून. पारबता आजीचा त्यात काही संबंध नव्हता. तरी कौतिका वाकून चूल फुंकू लागली की मला बहीणच दिसे. हे मायला नीट सांगितले असते तर भागले असते. मी सांगितले नाही. नववा भरत येताच दमणीला बैल जुंपले आणि चुपचाप गोंदिया गाठले.

गोंदियात स्टेशनच्या बाजूला एक शिकलेली सुईण राहायची. सगळे तिला नर्सबाई म्हणत. तिने पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"गावच्या दाईला सुपारी दिली काय?"

मी टोपी काढून झटकू लागलो.

"बोलो ना भाऊ! मुँह में दही जमा है क्या? दाईनं सुपारी घेतली असेल तर मी येत नाही. मागच्या खेपेला एका दाईनं मला दारातच मुसळ दाखवलं!"

"घेतली होती," मी म्हणालो.

"होती म्हणजे?"

इथे थांबायला हवे होते. पण जन्मभर वाचवून ठेवलेले शब्द त्याच दिवशी उधळायचे होते!

"वारली."

"अरे राम! कब?"

"परवा. सकाळी. पेज पिता पिता." (एकदा माणूस मारला की तपशीलही आपोआप सुचतात.)

नर्सबाई हळहळली. "ठीक आहे, कळा सुरू झाल्या की गाडी पाठवा," म्हणाली. मी हलका होऊन बाहेर पडलो. व्हरांड्यात एक कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. आमच्याच भागात फिरणारी. ती डोळ्यांना पदर लावत होती. ते मी पाहिले. का, याचा विचार केला नाही!

त्या दिवशी गोंदियातच मावशीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतताना गोरेगावचा बाजार भरलेला. एका ओळखीच्याने बैलांची वेसणच धरली.

"लय वाईट झालं गा!"

"काय?"

"तुमची पारबता गेली ना! पेज पिऊन राहिली होती म्हनते!"

मी बैल असे पळवले, की दमणीचे एक चाक बराच वेळ हवेत होते. पण बातमी पुढे पोचली होती.

पारबता आजी अंगणात सुपाने धान पाखडत होती. तेवढ्यात तिची लेक, नणंद आणि दोन भाच्या छाती बडवत गल्लीत शिरल्या. आता, आजी रडण्यात पट्टीची. गावातल्या कोणत्याही मयताला पहिला सूर तिचाच. तिने सूप फेकले, धावत जाऊन लेकीच्या गळ्यात पडली आणि असा हंबरडा फोडला की झाडावरचे कावळे उडाले! लेकीचे डोळे रडून मिटलेले. कोण गळ्यात पडले ते तिने पाहिलेच नाही. पाचही जणी पोटभर रडल्या. मग आजीने पदराने नाक पुसून विचारले,

"पर मेलं कोन व माय?"

लेकीने डोळे उघडले.

"तू!" म्हणाली आणि धपकन खाली बसली.

मागून जावई तिरडीचे बांबू खांद्यावर घेऊन आला. सासूला उभी पाहून तो बिचारा म्हणाला, "आता या बांबूचं काय करू?"

"मांडवाले लाव! वालाचे वेल चढतीन!"

वाटले, इथे संपले. पण गावाने निष्कर्ष काढला, की यमाने आजीला नेले आणि चूक कळताच परत पाठवले! माय तर घरात नाचायची तेवढी बाकी राहिली. "पाहा! देवानं कायले वापस धाडली तिले? आपल्या कौतिकासाठी!" सुईण मारायला गेलो आणि तिला अमर करून आलो!

आठव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. मी सालदार गड्याला गुपचूप दमणी देऊन गोंदियाला धाडले. इकडे आजी खोलीत गेली. सकाळ गेली, दुपार चढली, कौतिकाचे कण्हणे बारीक होत चालले. शेवटी आजी बाहेर येऊन माझ्याजवळ टेकली. तिचे तोंड मी असे कधी पाहिले नव्हते.

"बाळ पायाळू हाय. माह्या एकटीच्यानं होत नाही." मग अगदी हळू, "जिच्यापाशी मले मारलंस ना, तिलेच बलाव."

"आजी, तुला..."

"कासारीन सांगून गेली. मंग रडजो. आधी बलाव!"

"गाडी... पहाटेच धाडली."

"एवढी अक्कल तरी होती तुले!"

तेवढ्यात दमणी दारात आली. माय आडवी उभी राहिली, "सुपारी पारबताची हाय!" आजीने पदराची गाठ सोडून सुपारी नर्सबाईच्या हातावर ठेवली.

"ये कौन?" नर्सबाईने विचारले.

"मी तेच, पेज पिता पिता वारलेली. पाय धुवा अन् आत या लवकर!"

मी पायरीवर बसलो. आतून दोघींचा वाद ऐकू येत होता, मग वाद थांबला. मध्येच कौतिका हसल्यासारखी वाटली. वेदनांनी तिचे डोके फिरले असे समजून मी आणखीच गारठलो. बहिणीचे तोंड डोळ्यांपुढून हलेना.

आणि मग ट्यॅं!

"मुलगी. दोघी चांगल्या आहेत," नर्सबाई म्हणाली. "या आजीशिवाय मला जमलं नसतं. अशी दाई पुन्हा मारू नका."

मी त्या पायरीवर जो रडलो तो मायने पाणी तोंडावर मारीपर्यंत! आजीने मात्र जाताना दम भरला, "कोनाले सांगशीन तं पाह्यजो. यमाच्या घरून वापस आली म्हून पाच गावं बलावून राहिले मले!"

मी एकवीस वर्षे तोंड शिवून ठेवले. कौतिकालाही सांगितले नाही. आजी ओसरीवर बसून तंबाखू मागे, मी निमूट देई, आणि आतल्या आत जळत राही.

गेल्या महिन्यात आजी गेली. मी तिच्या घरूनच आलो आणि कौतिकाला म्हणालो, "पारबता आजी गेली."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोता पाहून आले, का गोंदियावरून आयकून आले?"

मी तिच्यापुढे खालीच बसलो.

"तेव्हाच सांगितलं होतं आजीनं. कळ आली का ती तुमची गोष्ट सांगे, मले हसू ये." आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला.

मी गावात कळवायला निघालो. तीन घरी सांगितले. तिन्ही घरच्यांनी "हो का?" म्हणून मला बसवले, पाणी दिले, आधी एकेक माणूस आजीच्या अंगणात पाठवून खात्री करून घेतली, आणि मगच रडायला सुरुवात केली!