थेंबाला अंग धरू द्या

सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता ती डावा हात मागे उंच करायची. म्हणजे बोलू नका, हलू नका, जमल्यास श्वासही बेतानं घ्या. "थांबा. अजून अंग धरलं न्हाई."

आता ती दूर, मोठ्या प्रयोगशाळेत असते. तेव्हा भोरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मी इतिहास. माझ्याहून बरीच लहान, घर मार्गासनीला. वर्गात पुस्तकी मराठी, पण समोर थेंब आले की गावची बोली. काचेच्या पट्टीत केसाएवढी बारीक नळी, तीतून तेल वाहतं, तेलात पाण्याचे थेंब सुटतात. तेलात साबणासारखा पदार्थ असतो, सर्फॅक्टंट. त्याचे कण थेंबाभोवती कडं करतात. मग थेंब खेटले तरी मिसळत नाहीत.

"पण कडं लगेच व्हत न्हाई, सर," ती सांगायची. "नवा थेंब उघडा असतो. तेवढ्यात दुसरा भेटला की झाले दोघं एक." म्हणून तिनं नळी घाटातल्या रस्त्यासारखी वळणांची केली होती. थेंबांना वेळ मिळावा.

वेळ देणं आमच्या प्राचार्यांच्या स्वभावात नव्हतं. असे प्राचार्य तुम्हीही पाहिले असतील. तिच्या खोलीत त्यांना पाहुण्यांसाठी दालन हवं होतं. खोली तिच्याकडे राहणार की जाणार, हे पुण्याहून येणाऱ्या तपासणी समितीचे अध्यक्ष प्रयोग पाहून ठरवणार होते.

ते आले. तुतारी वाजली, फेटे बांधून झाले. अध्यक्ष सूक्ष्मदर्शकाशी वाकले आणि प्राचार्यांनी, थेंब भरपूर दिसावेत या उदात्त हेतूनं, नळीत तेल-पाणी ढकलणाऱ्या पंपाचा वेग वाढवला. थेंब धडाधड सुटले, उघडेच एकमेकांवर आदळले.

"हे तर सगळं एकच पाणी झालं की," अध्यक्ष म्हणाले.

प्राचार्यांचा चेहरा दालनाएवढा प्रशस्त झाला.

तिनं वेग उतरवला. "साहेब, हितंच उभं ऱ्हावा. बोलू नका."

"अहो मॅडम, साहेबांना वेळ कुठं..."

"तुमी पंपापासनं लांब व्हा."

एवढे फेटे एका जागी गप्प उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. थेंब वळणांतून सावकाश आले, रुंद जागेत शिरले, एकमेकांना खेटले, दाबून षटकोनी झाले. एकही मिसळला नाही.

"पोळंच की हो मधाचं!" अध्यक्ष ओरडले. त्यांचा फेटा निसटला, तो त्यांनी उचललाही नाही.

"आता ढकला कितीबी," ती म्हणाली.

सभागृहात अध्यक्षांनी जाहीर केलं: खोली तिचीच. टाळ्या थांबेनात. सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. खुर्ची रिकामी, प्राचार्य शाल पसरून उभे. मी शोधायला निघालो.

प्राचार्यांनी आदल्या दिवशीच घाईनं लावून घेतलेली 'अतिथी कक्ष' ही पितळी पाटी ती स्टुलावर उभी राहून आपल्या खोलीच्या दारावरून काढत होती. शेवटचा स्क्रू निघाला.

"घ्या, सर," ती वरून म्हणाली. "लई जड हाय."