अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

इचोड्यात घरामागच्या शेडमध्ये मी हौसेनं छोटी सीएनसी मशीन बसवली, लाकडावर नक्षी कोरायला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची सळई पुरून तिची वायर मशीनला जोडली. माती कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी तिथं बादलीभर पाणी ओतायचो. कधी विसरलो तर शेजारचा भाजीवाला भिंतीवरून ओरडायचा, "काय गड्या, खड्ड्यात पाणी नाई टाकलं आज?" मी गाढव! मला वाटायचं, माझ्या मशीनची केवढी काळजी याला.

आणि मशीन तर हात लावला की झटका द्यायची. मधेच भरकटून चांगल्या पाटाचा सत्यानाश करायची. वायरमनला मी नको नको ते बोललो, सगळी वायरिंग बदलून घेतली. शेवटी एका दुपारी मेन स्विच बंद करून मशीनच्या लोखंडाला टेस्टर लावला. तरी दिवा पेटला! तडक खड्डा उकरला. माझ्या सळईला दुसरी एक वायर गुंडाळलेली होती आणि ती भिंतीखालून त्या हरामखोर भाजीवाल्याच्या कूलरला गेली होती. त्याच्या घरचं न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची वायर, तुटलं होतं, म्हणून त्यानं माझं अर्थिंग जोडून घेतलं होतं.

मी वायर तोडली. तो घामाघूम होऊन धावत आला.

"काऊन तोडली? चांगलं चालून राह्यलं होतं ना!"

"अन् मले रोज शॉक बसून राह्यले, त्याचं काय?"

"शॉकचं मले काय मालूम? मी तं रोज पाणी टाकाले सांगत होतो. माती सुकली का माहा कूलर हळू फिरे."