पाहुण्यांचं पान

सकाळचे आठ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि आमचे हे मोजा सापडत नाही म्हणून कपाटाशी भांडत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बोटांची नव्हे, धातूची.

"तुझी कवयित्री आली," हे म्हणाले.

खडूताई बोटातलं अंगुस्तान न काढताच दार वाजवते. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत ती कपडे शिवते. कानामागे कायम खुणेचा खडू, म्हणून हे नाव. अख्ख्या गल्लीत मुसलमान घर तिचं एकच. मापं घेऊन ती तपकिरी कागदाचे खाके कापते आणि शिवता शिवता काही सुचलं की त्याच खाक्यांवर लिहून ठेवते. त्यामुळे तिची कविता गळ्याशी आखूड होते आणि घेराशी पसरते. माझ्या ब्लाउजच्या पाठीच्या खाक्यावर अकरा ओळी आहेत, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं.

त्याच ओळी मी वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मागून घेतल्या. अंकाची जुळवाजुळव माझ्याकडे असते.

कविता तिच्या आईवरची. खडूताई सात वर्षांची असताना एका दुपारी काही माणसं गल्लीत शिरली. दारं ठोठावून नावं विचारत होती. आईनं हिच्या तोंडावर हात दाबला आणि दाराआडून सांगितलं, "इथं कुणी राहत नाही." कुणी राहत नसेल तर बोललं कोण? पण माणसं पुढे गेली. त्यानंतर आई तीस वर्षं जगली आणि दारावर थाप पडली की हेच बोलायची. दूधवाला हसायचा, "मग दूध कुणाला घालू, मावशी?"

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"पण अजून दार वाजलं की माझ्याआधी तीच बोलते, वहिनी," काजं करता करता खडूताई मला एकदा म्हणाली होती. "मी मशीनवरून उठेस्तोवर मागून आवाज येतो. म्हणून तर मीच घरोघर जाते मापं घ्यायला."

आज तिच्या हातात अंक होता. मी दूध उतरवलं, चहा पुढे केला.

"कसं दिसतंय पान?" मी विचारलं. मला शाबासकीच हवी होती. बाकीच्यांच्या कविता एकाखाली एक कोंबल्या होत्या. तिला मात्र मी अख्खं पान दिलं होतं. भोवती वेलबुट्टीची चौकट, वर ठळक मथळा: पाहुण्यांचं पान. "आपली भाषा किती छान लिहितात हो त्या," असं ग्रंथपाल म्हणाले होते आणि तेही मी कौतुकानं तिला सांगून टाकलं होतं.

"चौकट सुरेख आहे," ती म्हणाली. पेल्याला तिनं हात लावला नाही. "वहिनी, माझा जन्म त्या जिन्याखालचा. तुम्ही लग्न होऊन आलात, तेव्हा नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," मी म्हणाले.

हे मोजा हातात धरून दारात उभे होते. ते आत निघून गेले.

"चुकलंच माझं," मी म्हणाले.

"तुम्ही मायेनं केलंत, ते कळतं मला." अंगुस्तान ती बोटावर फिरवत राहिली. "काल दुपारी अंक उघडला. मथळा वाचला आणि मागून आई बोलली. तेच. दारावर कुणीच नव्हतं हो. दार वाजलं नसताना ती कधी बोलली नव्हती."

चहावर साय धरली होती. खाली कुणीतरी तिच्या खोलीची कडी वाजवत होतं. तिनं मान वळवली, ऐकलं, पण उठली नाही.

"एवढंच करा," ती म्हणाली. "पुढच्या अंकात मला सगळ्यांच्या रांगेत घाला. शेवटी घातलंत तरी चालेल."