आयेचं नाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण सकाळी आयेने दुधाचं पातेलं माझ्या नाकासमोर धरलं आणि — पण ते मागाहून. आधी तिच्याबद्दल सांगायला हवं. मला उशीर करायचाय, हेही त्यात आलंच.

आये म्हणजे माझी आई. उरणच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव. आये मासळी विकायची आणि अख्खा बाजार तिच्या जिभेला घाबरून असायचा. दुसरीच्या पाटीतला मासा उचलायची, कल्ला वर करून हुंगायची, आणि शिळा निघाला की त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. मासळीबद्दल शंका निघाली तर विकणारीने त्यातलाच तुकडा शिजवून चारचौघांसमोर आधी स्वतः खायचा. आयेवर ती पाळी कधी आली नव्हती. तिने हुंगलं की विषय संपला.

आणि मी? मी शिकलो, बेलापूरच्या ऑफिसात लागलो. समुद्रातल्या तेलविहिरी चालवणारी कंपनी. माझं काम गावांशी बोलायचं. आपल्या माणसांना आपल्या बोलीत समजवायचं — साहेब लोकांना ते जमत नाही ना, म्हणून मी. त्याचा मला केवढा ताठा होता, काय सांगू.

मग समुद्रात कंपनीचा तेलाचा पाइप फुटला. तेल खाडीत शिरलं, तिवरांच्या मुळांना काळा राप चढला. मासळीला रॉकेलचा वास मारायला लागला. नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांतली गिऱ्हाइकं तुटली, होड्या काठाला लागल्या, बाजार बसला. साफसफाई झाली, काही महिने गेले, आणि सगळं निवळलं असं कंपनीने जाहीर केलं. लगोलग नव्या विहिरींचा विषय निघाला. त्यासाठी गावात जनसुनावणी ठरली.

गाव दुभंगलं. पोरं म्हणत होती, विहिरी आल्या तर काम मिळेल, मासेमारीत काय राहिलंय? होडीवाले म्हणत होते, पहिलं सांडलेलं तेल अजून साफ झालं नाही आणि दुसरं कशाला? खरं सांगू, कोण बरोबर होतं ते मला आजही ठरवता येत नाही. पण तेव्हा ते ठरवायचं काम माझं नव्हतंच, गावाचं होतं. आणि गावाने एकच गोष्ट धरली — तुझ्या आयेने खाडीचा मासा खाल्ला, तर आम्ही मानू.

मी हो म्हणालो. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली.

आता तुम्हाला वाटेल, मी खाडीतला मासा आणून तपासला असेल, तो खराब निघाला असेल आणि मग मी घाबरलो असेन. तसं नाही. मी तो आणलाच नाही. वास आला तर काय करायचं, या भीतीने हुंगूनच बघितला नाही. पेणकडे एका मित्राचं तळं आहे. तिथे तो जिताडे पाळतो. जिताडा खाडीतही होतो आणि तळ्यातही, नुसता बघून कुणाला ओळखू येणार? चांगला मोठा जिताडा मी तिथून आणला आणि आयेला सांगितलं, आज पहाटे खाडीत मिळाला.

तिने कल्ला उचलला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"मना मातीचा वास येतंय रं," ती म्हणाली. "तलावातला त नाय ना?"

बघा — तिला कळलं होतं. तिथेच मला थांबता आलं असतं. नाही का? मान खाली घातली असती, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, गोष्ट चुलीपाशीच संपली असती. पण मी हसलो. अगदी मोकळेपणाने हसलो आणि म्हणालो, "खाडीचाच हाय, आये. वय झालं तुझं. नाक गेलं आता."

तिने कल्ला सोडून दिला. ती मासा कापायला बसली.

सुनावणीच्या मांडवात तिने सगळ्यांसमोर तो खाल्ला. काटे बाजूला काढत, सावकाश. मग म्हणाली, "मासा चांगला हाय. माझ्या पोराने आनलाय." लोकांनी विहिरींच्या बाजूने हात वर केले. कदाचित तसेही केले असते. पण ते मला कधीच कळणार नाही, कारण खरं काय ते बघून ठरवायची संधी मी त्यांना दिलीच नाही. विहिरींना परवानगी मिळाली. मला बढती मिळाली.

होड्या पुन्हा खाडीत गेल्या. आयेने पुन्हा पाटी मांडली. आणि एके दिवशी तिची वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक बाई कालवणाचं भांडं घेऊन बाजारात आली आणि ते तिच्या पुढ्यात उपडं केलं. रॉकेलचा वास सगळ्यांनाच आला. लोक बघत होते. आयेने भांडण केलं नाही. रिकामी पाटी उचलून ती घरी आली, ती परत बाजारात गेलीच नाही. मला नंतर म्हणाली, "पाटी भरतानाच मना वास येत व्हता रं. पन वाटलं, माझंच नाक गेलंय."

तेव्हा तरी मी बोललो का? नाही. मी म्हणालो, जाऊ दे आये, आता आराम कर.

आता ती माझ्याकडे उलव्याच्या फ्लॅटमध्ये असते. गावात अजून कुणी म्हणतं, म्हातारीने पोरासाठी गाव विकलं. ते तिच्या कानावर येतं. ती मला सांगते, मी ऐकून घेतो. घरात मासळी आली की ती माझ्या बायकोला हुंगायला लावते. स्वतः कल्ल्याला हात लावत नाही.

आज सकाळी दुधाचं पातेलं घेऊन आली. "हुंगून बघ रं. नासलंय का? माझं काय खरं नाय."

दूध नासलं होतं. तिला वास आला होता, म्हणून तर ती पातेलं घेऊन माझ्यापर्यंत आली होती. मी हुंगल्यासारखं केलं आणि म्हणालो, "हां, नासलंय."

"बरं झालं तुला विचारलं," ती म्हणाली, आणि दूध ओतून टाकायला गेली.