ताईच्या सायकलची मोटार

इलेक्ट्रिक सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशी त्यांच्या मोटारी बोलतात, असं लोक म्हणायचे. थापा नुसत्या. मोटारी काही बोलत नाहीत, आणि मिस्त्रीही बोलण्यातला नव्हता. गिऱ्हाईक सायकल आत आणायचं, हा मान हलवायचा. गिऱ्हाईक न्यायला यायचं, हा परत मान हलवायचा. त्याच्याशी मनापासून बोलणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते दर रविवारी टेकडीवरून इलेक्ट्रिक सायकलवर बसून खाली यायचं. त्याची थोरली बहीण.

हा गडी साठीला टेकलेला, पण ताईच्या तोंडी अजून बारक्याच. लग्न झालं नाही. का झालं नाही, ते विचारणारेही आता थकले. दुकानामागे एक खोली, खोलीत एक कॉट, एक शेगडी, भिंतीला टेकवलेल्या दोन घडीच्या खुर्च्या. दुसरी खुर्ची उघडायची ती रविवारी. ताई डबा आणायची, दोघं जेवायची, ती त्याच्या मळक्या बनियनवरून त्याला यथेच्छ झापायची आणि ऊन कललं की परत वर जायची. मग पुढचा रविवार येईपर्यंत तोंडाला कुलूप.

हा स्वतः वर का जात नव्हता? मेहुण्यांमुळे. आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांची जुंपली. मेहुणे म्हणाले, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. हाही चार शब्द जास्तच बोलला. दोघं सारखेच हेकट, आणि मधल्या मधे ताईची ओढाताण. तिला निदान खाली येता यावं म्हणून त्यानं तिच्या साध्या सायकलला मोटार बसवून दिली होती. चाकात नव्हे, पॅडलपाशी बसणारी. ती साखळीतून जोर लावते, त्यामुळे गिअर हलका असेल तर तिलाही काम हलकं. चढावर जड गिअर ठेवला, तर ती बिचारी तापून मरते. हे त्यानं ताईला शंभरदा बजावलं होतं.

एका सोमवारी सायकल टेम्पोतून आली. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई.

"काल परत जाताना चढावर बंद पडली रे. आधी जळका वास आला, मग खट्ट झालं, आणि पॅडल हलेचना. घरापर्यंत ढकलत नेली," ती उतरत म्हणाली. टेम्पोवाला कोपऱ्यावर माल उतरवून येतो म्हणून गेला.

मिस्त्रीनं सायकल स्टँडला टांगली. पॅडल मागे फिरवलं, फिरलं. पुढे फिरवलं, घट्ट. साखळी उतरवली. मागचं चाक मोकळं गरगरलं, पॅडल तरीही अडलेलंच. म्हणजे चाकाचा काही दोष नाही, साखळीचा नाही; दुखणं मोटारीच्या पोटात. त्यानं झाकण खोललं तसा करपलेला वास दुकानभर झाला. आतलं ग्रीस डांबरासारखं काळं पडलं होतं. नायलॉनच्या गिअरचे दात वितळून शेजारच्या क्लचमध्ये शिरले होते आणि तिथंच थिजले होते. त्यानं मीटर लावून तारांचं वेटोळं तपासलं. ते शाबूत होतं. नवा नायलॉन गिअर आणि नवा क्लच खणात पडलेले होते. तासाभराचं काम.

"जड गिअरवर चढवलीस ना?" तो तडकला. "किती वेळा सांगायचं गं? कानात बोळे घातलेस का?"

ताई स्टुलावर बसून पदराशी चाळा करत होती. एरवी एवढ्या बोलण्यावर तिनं त्याला उभा सोलला असता.

मिस्त्रीनं मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या पाहिल्या. सगळ्यात छोटी, म्हणजे जड गिअरची चकती झिजून टोकदार झालेली. मोठ्यांवर मात्र धूळ बसून घट्ट झालेली. कितीतरी दिवस साखळी त्यांच्यावर चढलीच नव्हती. केबल अडकली असेल म्हणून त्यानं उजव्या मुठीपाशी अंगठ्यानं गिअरचा खटका दाबला. साखळी सरकवणारा मागचा दांडा झोकात मोठ्या चकतीकडे सरकला. खटका उत्तम होता. जड गिअर टाकायला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. हलका टाकायला अंगठ्यात जोर लागतो.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण सवय वाईट. सायकल हातात आली की तो ब्रेकही बघणारच. उजव्या हाताच्या ब्रेकचे रबर नव्यासारखे. डाव्या हाताचे झिजून लोखंड उघडं पडलेलं. म्हणजे ही बाई तो उतार एका हातावर उतरत होती.

"ताई, इकडे ये. हा खटका दाब, मी मागे बघतो."

ती उठली. उजवा हात मुठीवर ठेवला. अंगठा थरथरला, खटका हलला नाही. मग तिनं डावा हात पलीकडून आणला आणि दाबला.

"घामानं सटकतोय," ती म्हणाली.

"हो."

तो खाली बसला आणि उगाचच चिंधीनं झाकण पुसू लागला. गिअर खणात होता. बसवला तर ती रविवारी येईल, दुसरी खुर्ची उघडेल. खटका डाव्या बाजूला घेता येईल, ब्रेकचंही काही करता येईल, अशी गणितं तो मनातल्या मनात मांडत होता. आणि तो उतार डोळ्यांपुढून जात नव्हता.

"मोटार गेली ताई," शेवटी तो म्हणाला. "होत नाही आता."

"नक्की?"

"नक्की."

ताईनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. डॉक्टरांनी कधीचीच सायकल बंद करायला सांगितलीय. हातातली ताकद चाललीय म्हणाले, आणि ती परत यायची नाही. यांनाही माहीत आहे. पण म्हटलं, रविवारी हा एकटाच जेवायला बसेल."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आहेसच." ती हसली, मग हसू आवरलं. "आता तू येत जा वर."

"बघू."

टेम्पो आला. सायकल दुकानातच राहिली. त्यानं तिला हात धरून पुढे बसवलं. तो हात त्यानं जरा जास्त वेळ धरून ठेवला, ते तिला कळलं.

मोटार त्यानं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. राहवेना त्याला. डावा ब्रेकही नवा घातला. आणि रविवारी, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हलक्या गिअरवर तो चढ चढला. मोटारीनं कुठं कुरकुर केली नाही.

ताईच्या घरासमोर अंगणात मेहुणे कपडे वाळत घालत होते. म्हातारपणी शिकलेलं काम. प्रत्येक कपडा वाकडा. सायकलचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत दोघांची नजर पहिल्यांदाच भिडली. मेहुण्यांनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला आणि फाटकापर्यंत आले.

"झाली वाटतं मोटार," ते म्हणाले.

"झाली."

"आत आहे ती. बोलावू?"

बोलवा म्हणायचं, एवढंच. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आणि हा मूर्ख म्हणाला, "नको. ब्रेक कसे लागतात ते बघायला आलो होतो."

मेहुण्यांनी एकदा सायकलकडे पाहिलं. मग "बरं" म्हणून दोरीकडे परतले. यानं सायकल वळवली.

उताराच्या मध्यावर त्याला रडू आलं. त्यानं सायकल कडेला घेतली आणि स्वतःला मोठ्यानं गाढव म्हणाला. बॅटरी भरलेली होती, मोटार ठणठणीत होती, परत वर जायला पाच मिनिटंही लागली नसती. तो बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग खाली आला, रविवार असून शटर उघडलं आणि कुणाची तरी सायकल स्टँडला टांगली.